पाठीमागचं पब्लिक

माघातला शनिवार, शंकरपटाचा दुसरा दिवस. ठिकाण: आरमोरीहून आत, जंगलाला लागून असलेलं एक गाव. हजर: ऑर्गनवर मी, ऑक्टोपॅडवर सचिन, कंपनीचे मॅनेजर मुन्नाभाऊ, गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष वासुदेवभाऊ, पडदा ओढणारे दोघे, आणि मैदानभर माणसं. गैरहजर: नायक, नायिका, खलनायक, विदूषक, म्हणजे नाटकातली सगळी पात्रं. त्यांची गाडी रस्त्यात अडकली होती. आणखी गैरहजर: तबल्याचे रज्जाकभाई. ते मात्र रस्त्यात नव्हते. ते गडचांदूरला लेकाकडे होते आणि परत येणार नव्हते.

हजेरी मांडायची मला सवय आहे. आमच्या धंद्यात रोज नवं गाव असतं. निघताना माणसं आणि सामान पाहून घेतलं नाही तर कुणाची चप्पल, कुणाचा टोप, एकदा तर एक अख्खा राजा मागच्या गावात राहिलेला आहे. म्हणून सामानाच्या पेटीच्या झाकणाला आतून मी कागद चिकटवून ठेवते. ऑर्गन, स्टूल, वायर, चादर, औषधाच्या गोळ्या, पाण्याची बाटली. आलेल्या वस्तूपुढे खूण करायची. त्यात सगळ्यात खाली 'डग्गा' असं लिहिलेलं आहे. त्याच्याकडे येते.

बाहेरच्या वाचकांसाठी धंदा सांगून घेते. धान कापून झालं, घरात आलं, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत नाटकं सुरू होतात. दिवसा बैलांचा पट, म्हणजे शर्यती, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे येतात, लग्नं जुळतात. माणसं आपापला गोणपाटाचा बोरा, चादर, भुईमुगाचे फल्लीदाणे घेऊन मैदानात तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसतात आणि उजाडेपर्यंत बसून राहतात. स्टेजच्या पुढ्यात, जरा खोलगट जागेत, आम्ही वाजवणारे. आमचं तोंड स्टेजकडे आणि पाठ पब्लिककडे. पात्राच्या ओठांकडे पाहत वाजवावं लागतं, म्हणून ही रीत.

नाटक लिहिलेलं असतं, गाणी बसवलेली असतात. मधलं काहीच लिहिलेलं नसतं. पात्र वाक्य विसरलं, मिशी सुटली, स्टेजवर बकरी आली, बाहेर पाहुण्यांत भांडण लागलं, तर ती भगदाडं बुजवायची ती आम्हीच, जागच्या जागी सुचेल तसं वाजवून. यालाच लोक 'बाईनं सांभाळून घेतलं' म्हणतात. सांभाळून घ्यायला पब्लिकचा मूड कळावा लागतो. आणि पब्लिक तर पाठीमागे.

मला ते रज्जाकभाई कळवायचे.

आरमोरीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हंगामात दुकान भावावर टाकून ते नाटकाला यायचे. तबलजी माझ्या डाव्या अंगाला, थोडा तिरपा बसतो. त्यामुळे त्यांना अर्धं स्टेज दिसे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून अर्धं पब्लिक. जे दिसेल ते ते डग्ग्यावर मला सांगत. तळहाताचा हलका दाब देऊन घुमवला की बायका पदर डोळ्याला लावताहेत, सूर धरून ठेव. बोटांनी कोरडा टिचकावला की लोक पेंगताहेत, लय वाढव. हे कुणी ठरवलं नव्हतं. एका हंगामात लक्षात आलं आणि पुढे तेच चालू राहिलं. पाहणाऱ्याला वाटायचं तबला वाजतोय. आमचं बोलणं चाललेलं असायचं.

एका गावात जमीनदाराचं काम करणारा जाडजूड नट ऐटीत खुर्चीवर बसला आणि खुर्ची मोडली. तो पालथा पडला तेवढ्यात रज्जाकभाईंनी डग्ग्यावर असा काही लांबलचक घुमारा दिला की पब्लिक हसून लोटपोट. मी लगेच त्याच्या प्रवेशाचं संगीत पुन्हा सुरू केलं, म्हणजे त्याला उठून आब राखून नव्यानं येता यावं. तो आला. तर पाठीमागून आवाज सुरू झाले, "वन्स मोर, वन्स मोर." त्यांना प्रवेश नको होता, पडणं हवं होतं. बिचारा दुसऱ्या खुर्चीवरून पुन्हा पडला. विंगेत जाताना आमच्याकडे पाहून पुटपुटला, "तुमीच दोघं पाडता मले."

रज्जाकभाई म्हणाले, "आमी काऊन पाडू? पब्लिकचं मन होतं."

त्यांचं हे वाक्य कायमचं होतं. मी एखाद्या प्रवेशात फार वाजवलं की परतीच्या ट्रकमध्ये ते सांगायचे, "बाई, सप्पा तुमीच वाजवलं तं लोक काय करतीन? अर्धं त्यायच्यासाठी सोडत जा." मी वाद घालायची. पेटीवाल्यानं जागा भरायच्या असतात, असं मी वडिलांच्या भजनी मंडळात शिकले होते. सोडायच्या असतात हे पटायला फार हंगाम गेले.

चामोर्शीकडच्या एका गावात माझं एक गिऱ्हाईक होतं. हा शब्द मी मुद्दाम वापरते. तो माणूस नाटक पाहायला येतच नसे. आमच्या अगदी मागे पहिल्या रांगेत बसायचा आणि पहिला अंक रंगात आला की बांबूच्या काठीनं माझ्या खांद्याला हलकेच टोचायचा.

"बाई, रडवा ना जी थोडसं."

पहिल्यांदा मी दचकले. मुन्नाभाऊ धावत आले. "ओ बाप्पा, काठी कायले लावता बाईले?"

"मंग कसं सांगू? बाई तं पाठ करून बसली. घरी रडाले जागा नाई जी. सून म्हणते, बाबा, आता काय झालं तुमाले."

पुढच्या हंगामात त्याच गावी पुन्हा काठी. त्याच्या पुढच्या हंगामात मी काठीची वाट न पाहता, आई-लेकाची ताटातूट आली तेव्हा दोन आवर्तनं जास्त घेतली आणि कोमल निषादावर थांबले. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. ते त्याचंच असेल असं मी धरून चालले. मग एका वर्षी काठी लागली नाही. चौकशी करावी असं मनात आलं, पण कुणाची करणार? त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. गावात जाऊन काठीबद्दल विचारायचं का?

आमचं पब्लिकशी नातं हे असं आहे. ते पाठीला लागतं आणि वळून पाहीपर्यंत निघून जातं. सकाळी मैदानात नुसतं तणस, फल्लीची टरफलं आणि एखादी विसरलेली लहान मुलाची टोपी. मी आरमोरीला माझ्या दोन खोल्यांत परतते, कुलूप उघडते, पाणी भरते आणि झोपते. 'कसं झालं नाटक' असं विचारणारं घरात कुणी नाही. रज्जाकभाई तेवढे संध्याकाळी दुकानातून फोन करून विचारायचे, स्वतः तिथे असूनही. "बाई, पब्लिक कसं होतं?"

मागच्या हंगामाच्या आधी त्यांना लकवा मारला. उजवा हात वाचला, डावा गेला. तबल्यावर उजवा हात आणि डग्ग्यावर डावा. म्हणजे त्यांचं वाजवणं थोडं राहिलं, माझ्याशी बोलणं गेलं. लेक गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे, तो येऊन घेऊन गेला. जाताना त्यांनी तबला सोबत नेला. डग्गा माझ्याकडे दिला. "हात वापस आला की घेईन. तोवर तुमच्या बाजूले ठेवा, जागा राखाले." तेव्हापासून डग्गा माझ्या डाव्या हाताला, त्याच्या चुंबळीवर बसून असतो. आता तबल्याच्या जागी ऑक्टोपॅड आहे. सचिन चांगला पोरगा आहे, तीस-बत्तीसचा, हात साफ. पण त्याचं विजेचं वाद्य स्पीकरमधून वाजतं, आणि तो स्वतः कानाला हेडफोन लावून बसतो. पब्लिक पेंगतंय की रडतंय, हे त्याला माझ्याहूनही कमी कळतं. त्या हंगामात मी सगळं बरोबर वाजवलं. तक्रार कुणाची आली नाही. पण ते मी भिंतीकडे पाठ करून वाजवल्यासारखं वाजवलं.

आता तो शनिवार.

स्टेजचा आणि वाद्यांचा ट्रक आधी पोचतो, पात्रांची गाडी मागून येते. जेवणं आटोपून मैदान भरलं. गाव लहान, पण नाल्यापलीकडच्या दोन टोल्यांवरची, म्हणजे लहान वस्त्यांवरचीही माणसं बायकापोरांसकट आली होती. नाटक सुरू व्हायच्या वेळेला मुन्नाभाऊ फोन कानाला लावून आले.

"गाडी अडकली जी. रस्त्यावर हत्तीचा कळप हाये. जंगलवाल्यायनं दोन्हीकडून गाड्या थांबवल्या. पात्र सप्पा तिथीच."

हत्ती आमच्याकडे अलीकडचे पाहुणे आहेत. त्यांना घाई नसते. मी म्हटलं, हरकत नाही, तोवर वाजवते. असं अनेकदा झालं आहे.

थोड्या वेळानं मोटारसायकलवर वनरक्षक आला आणि वासुदेवभाऊंना बाजूला घेऊन बोलला. वासुदेवभाऊ थेट आमच्या खळग्यात उतरले, उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, नाल्याच्या वाटेवर वाघानं गाय मारली. आताच. तिथीच बसून हाये म्हणते तो."

नाल्याची वाट म्हणजे टोल्यांवरच्या माणसांची घरी जायची वाट. दुसरी नाही.

"माईकवर सांगून टाका," मी म्हटलं.

"सांगतलं तं ज्याच्या घरी म्हातारं माणूस हाये, ढोरं हायेत, तो पह्यले पळन. अंधारात कोणाकोणाले धरू? जंगलवाल्यायची गाडी सकाळी येते, तवाच पोचवते त्यायले. मी टोल्यावर फोन लावून म्हाताऱ्यायले घरात राहाले सांगतो. तुमी बसवून ठेवा लोकायले."

"पात्रं नाहीत, वासुदेवभाऊ. मी एकटी काय बसवून ठेवू?"

"तुमीच हा ना आता नाटक," ते म्हणाले आणि फोन लावत वर चढले.

अशा वेळी मी मनात कामं मांडते. पहिलं, ओळखीच्या चाली. दुसरं, लहान मुलांसाठी रेल्वे, कोंबडा, बैलगाडी असली गंमत. तिसरं, सचिनबरोबर सवाल-जवाब. तिन्ही केली. मुलं हसली, टाळ्या पडल्या. गाडीचा पत्ता नव्हता. मग माझ्या यादीत काही उरलं नाही आणि सचिननं हेडफोन काढून विचारलं, "मॅडम, आता काय?"

"आता मी एकटी वाजवते. तू थांब."

मी संथ सुरावटी घेऊ लागले. थंडी वाढली होती. पायानं भाता हलत होता, हात चालत होते आणि डोळे डाव्या बाजूला डग्ग्यावर होते. थंडीनं त्याचं कातडं सैल पडतं. रज्जाकभाई असते तर त्यांनी तो आधी शेगडीजवळ धरला असता. मी त्यांचा विचार करत राहिले आणि माझे हात कुठे चालले आहेत याकडे माझं लक्ष राहिलं नाही.

मग मागे तणस वाजलं.

पब्लिकचे आवाज मला माहीत आहेत. फल्ली फोडायचा आवाज थांबला की ते ऐकताहेत. खोकले वाढले की कंटाळलेत. हा आवाज निराळा होता. चादरी झटकण्याचा, बोरे गुंडाळण्याचा, झोपलेली मुलं उठवण्याचा. सगळं मैदान एकदम उठत होतं.

सचिन म्हणाला, "मॅडम, लोक निघून राह्यले."

"का? मी वाजवतेय ना."

"तुमी भैरवी वाजवून राह्यल्या."

मी हातांकडे पाहिलं. भैरवीच होती. आमच्या मुलखात नाटक भैरवीनं संपतं. पोटातलं मूलदेखील भैरवी ऐकून निघायची तयारी करील. पात्रं आली नाहीत, बाईनं भैरवी घेतली, म्हणजे आजचं रद्द, चला घरी. त्यांनी अगदी बरोबर ऐकलं होतं. मीच ऐकत नव्हते.

थांबता येत नव्हतं. थांबले असते तर भैरवी पूर्ण झाली असती. माईकवर ओरडून 'बसा' म्हणण्यानंही कुणी बसत नाही, उलट 'काऊन?' असं विचारतात, आणि 'काऊन'चं उत्तर नाल्यावर बसलेलं होतं. मी सूर धरून ठेवला आणि वरचे सगळे स्वर हळूहळू सोडून दिले. खाली तीनच ठेवले: सा, कोमल रिषभ, कोमल गंधार. त्या तीन स्वरांत आमच्याकडे रोवणीच्या चाली असतात. बायका चिखलात वाकून धान रोवतात तेव्हा एक जण ओळ म्हणते, बाकीच्या उचलतात. भाता मी त्याच वाकण्याच्या लयीत मारू लागले. एक ओळ वाजवली. दुसरी वाजवली नाही. तिच्याएवढी जागा मोकळी सोडली.

मागे पावलं चालू होती.

पुन्हा पहिली ओळ. पुन्हा मोकळी जागा. एवढी मोठी जागा मी आयुष्यात सोडली नव्हती. सचिन वाद्याकडे हात नेत होता, त्याला मी मान हलवून थांबवलं. तिसऱ्यांदा ओळ वाजवली आणि सोडली, तेव्हा बऱ्याच मागून, निघायच्या वाटेच्या बाजूनं, एका म्हातारीचा चिरका आवाज आला. तिनं दुसरी ओळ म्हटली. तिच्या शब्दांत धानाच्या बांधीवरचा बगळा होता. कुणीतरी हसलं. दुसरी कुणी तिला म्हणाली, "अवो शेवंताबाई, थंडीत कायची रोवणी लावली?" आणि शेवंताबाईंनी गाण्यातच उत्तर दिलं की तू नाही वाकत तर मीच वाकते.

मी पुन्हा पहिली ओळ दिली. या वेळी दहा-बारा जणींनी उचलली.

मी तेव्हा वळले. इतक्या वर्षांत वाजवता वाजवता पहिल्यांदा. एक हात सुरावर ठेवून स्टुलावर अर्धी फिरले, कारण मला ती म्हातारी पाहायची होती. आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. मैदानातल्या खांबांवरचे हॅलोजन स्टेजच्या दिशेनं, थेट डोळ्यांत. त्यांच्यामागे काळोख. दोन-चार मोबाईल चमकत होते. रज्जाकभाईंना अर्धं पब्लिक दिसायचं म्हणतात, ते कसं दिसायचं कोण जाणे. मला आता शंका आहे की तेही बघत नव्हते.

मी परत स्टेजकडे तोंड केलं. पाठ करून बसल्यावर मला पुन्हा सगळं कळू लागलं. डावीकडे एक टोला, उजवीकडे दुसरा. त्यांचे सूर निराळे, एकींचा चढा, एकींचा उतरलेला, पेटीत न बसणारे. मी चाल वाजवणं सोडलं आणि नुसता षड्ज भरत राहिले. दोन टोल्यांच्या बायका एकमेकींना ओळीतून टोमणे मारत होत्या. कुणाची सून आळशी, कुणाचा नवरा पटात हरला. चादरी पुन्हा अंथरल्याचं ऐकू आलं. तणस दबलं. मग फल्ली फुटू लागली, आणि तो आवाज मला त्या दिवशी आवडला, कारण तो बसलेल्या माणसांचा असतो.

सगळे बसले आहेत हे पाहून वासुदेवभाऊंनी माईक घेतला आणि वाघाचं सरळ सांगून टाकलं. घरच्यांना फोन झाले आहेत हेही सांगितलं. मग शेवंताबाईंचा आवाज, "मंग कायले उठवत होते गा आमाले भैरवी वाजवून?"

मैदान हसलं. कुणी उठलं नाही.

पात्रांची गाडी आली तेव्हा नायक धावत खळग्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, नांदी सुरू करा, लोक चिडले असतीन." मी म्हटलं, थांब, त्यांची ओळ पूर्ण होऊ दे. नाटक त्यानंतर झालं, सकाळपर्यंत चाललं. कसं झालं ते मला फारसं आठवत नाही. उजाडल्यावर जंगलखात्याची गाडी टोल्यांवरच्या माणसांना घेऊन गेली. मी वायर गुंडाळेपर्यंत मैदान रिकामं होतं. शेवंताबाई कोणती ते मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी गडचांदूरहून फोन आला. बोलणं जरा अडखळतं, पण प्रश्न तोच.

"बाई, पब्लिक कसं होतं?"

मी सगळं सांगितलं. हत्ती, वाघ, भैरवी. भैरवीला ते खूप हसले. मोकळ्या सोडलेल्या जागेचं सांगितलं तेव्हा हसले नाहीत.

"कितीदा सोडली?"

"तिसऱ्यांदा उचलली त्यांनी."

"मी असतो तं दुसऱ्यांदाच भरून टाकली असती," ते म्हणाले. मागे कारखान्याचा घरघराट ऐकू येत होता. "म्हणजे तुमाले आता आयकू येते. चांगलं झालं. मंग बाई, तो डग्गा पाठवून देजा. तुमच्याजवळ त्याचं काय काम आता?"

"हात परत आला की घेईन म्हणाला होतात."

"हात काय येते जी. पाठवून देजा."

पाठवते म्हटलं.

तो हंगाम संपला. ऑर्गनच्या भात्याची कातडी बदलून झाली. सचिनला हेडफोन एका कानावरून काढायला लावून झालं. नव्या हंगामाच्या तारखा घेऊन झाल्या. आरमोरीहून गडचांदूरला जायला गाड्या आहेत, चंद्रपूरला बदलावी लागते, अवघड काही नाही. डग्ग्याला जुन्या चादरीत गुंडाळून दोनदा दारापर्यंत आणला. पेटीच्या झाकणावर नवा कागद लावायची वेळ आली तेव्हा सगळं जुन्यावरून उतरवलं: ऑर्गन, स्टूल, वायर, चादर, गोळ्या, बाटली. शेवटच्या ओळीपाशी थांबले, आणि मग तीही उतरवली.

डग्गा पोचवायचा राहिला आहे.